स्कोनला उंची कशाने येते?

स्कॉटलंडमधला जुना स्कोन ओट किंवा जवाच्या पिठाचा, तव्यावर भाजलेला आणि चपटा असे. ब्रिटिशांच्या दुपारच्या चहासोबतचा आजचा उंच स्कोन ही बेकिंग पावडरची देणगी. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती १८४३ मध्ये तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. पावडरमधला सोडा आणि आम्लघटक ओले झाले की कार्बन डायऑक्साइड सुटतो.

पण सगळं श्रेय या वायूला देणं मला पटत नाही. खरी किमया थंड बटरची आहे. ते साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तळहाताच्या उबेनेही. म्हणून फ्रिजमधून काढून बोटांच्या टोकांनी झटपट मैद्यात चोळायचं. पिठाच्या कणांवर स्निग्ध आवरण चढलं की पाणी कमी पोहोचतं, ग्लुटेनचं जाळं तोकडं राहतं. करंजीच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो, तेही यासाठीच. इथे मात्र बटरचे काही कण अखंड राहायला हवेत. २२० अंशांच्या ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात.

गोड स्कोनमधली साखर ओलावा धरून ठेवते. खाऱ्या स्कोनमध्ये चेडर चीज स्वतःची चरबी आणतं. तिथे बटर थोडं कमी घ्यावं, चिमूटभर मोहरीपूड जरूर घालावी. वड्या पाडताना साचा सरळ खाली दाबा. तो फिरवला तर कडा चिकटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो.