मच्छीमार पेत्र : श्रद्धा, धैर्य आणि शील
(द्वितीय वर्ष, कला)

मराठीच्या तासाला सरांनी फळ्यावर फादर थॉमस स्टीफन्स हे नाव लिहिले, तेव्हा वर्गात थोडी चुळबूळ झाली. हा मनुष्य जन्माने इंग्रज. १५७९ साली धर्मोपदेशक म्हणून गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ओवी आपली, पुराणाचा घाट आपला, आणि ओव्या जवळजवळ अकरा हजार! तास संपल्यावर मी ग्रंथालयात जाऊन ‘ख्रिस्तपुराण’ मागितले. ते कोणीतरी आधीच नेले होते. ग्रंथपालांनी त्याच कपाटातील मराठी बायबल हातात दिले व म्हणाले, “मूळच वाच की.” प्रस्तुत लेख त्या बदली पुस्तकातून निघाला आहे.

खरे सांगायचे तर मी आज्ञा आणि उपदेश यांची अपेक्षा धरून पुस्तक उघडले होते. तेही त्यात पुष्कळ आहे. परंतु चार शुभवर्तमाने वाचताना मला भेटला तो एक मच्छीमार. मी रेडीचा, आमच्या घरात तीन पिढ्या रापण ओढली गेली आहे. साहजिकच इतर थोरामोठ्यांना सोडून मी याच्याच मागे लागलो. त्याचे मूळ नाव शिमोन, पुढे पेत्र म्हणजे खडक. श्रद्धा, धैर्य आणि शील या तीन मोठ्या शब्दांचा अर्थ ख्रिस्ती शास्त्र कसा लावते, हे या एका माणसाच्या चरित्रावरून चांगले कळते असे मला वाटते.

आधी शब्दांविषयी थोडे. मराठी बायबलात ‘विश्वास’ हा शब्द पानोपानी येतो. आमच्या वर्गातील एका ख्रिस्ती मैत्रिणीला मी विचारले, तर ती म्हणाली की त्यांच्या घरच्या कोकणी प्रार्थनेत श्रद्धेला ‘भावार्थ’, आशेला ‘भरवंसो’ आणि प्रीतीला ‘मोग’ म्हणतात. मला गंमत वाटली. शाळेत ‘भावार्थ लिहा’ म्हटले की कवितेचा मथितार्थ पाच ओळींत लिहायचा एवढेच आम्हाला ठाऊक! पण एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’त जो भाव आहे तोच हा. आणि ‘भरवसो’ तर आमच्या मालवणीत रोजचाच; होडीवर, सोबत्यावर, वाऱ्यावर ठेवायचा. म्हणजे हे शब्द परके नाहीत, आपल्याच किनाऱ्यावरचे आहेत. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायामाणसांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनातून ते छापून निघाले. संस्कृत शास्त्रात पारंगत असलेल्या विदुषीने सोप्या भाषेसाठी इतकी वर्षे खर्ची घालावीत, ही गोष्ट आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांनी विसरण्याजोगी नाही.

आता पेत्राकडे वळू.

लूकच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात तो प्रथम नीट दिसतो. रात्रभर जाळी टाकून काही मिळालेले नाही. सकाळ झाली आहे, मंडळी काठावर जाळी धूत आहेत. तेवढ्यात येशू सांगतो की खोल पाण्यात ने आणि पुन्हा जाळी टाक. आमच्या अध्यापकांना हा प्रसंग भक्तीचा वाटेल. मला मात्र प्रथम रागच आला. सांगणारा कोण? सुतार. ऐकणारा कोण? जन्मभर त्या पाण्यावर जगलेला माणूस. वेळ कोणती? मासळी हाती लागण्याची वेळ टळून गेलेली, जाळी धुवून झालेली. धुतलेले जाळे परत भिजवणे म्हणजे काय, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे त्यालाच कळेल! पेत्रही कुरकुरतोच, रात्रभर काही लागले नाही हे बोलून दाखवतो. आणि तरी, तुम्ही म्हणता म्हणून टाकतो, असे म्हणून जाळे उचलतो. इथे श्रद्धा म्हणजे बुद्धी बाजूला ठेवणे नव्हे. त्याला सगळे समजते आहे, शंकाही आहे, आणि हात मात्र कामाला लागले आहेत. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून श्रद्धा मृत आहे असे जे म्हटले आहे, त्याचे इतके साधे उदाहरण दुसरे मिळणार नाही.

दुसरा प्रसंग वादळाचा. गालीलचे सरोवर गोड्या पाण्याचे, सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद. समुद्रसपाटीपेक्षा ते दोनशे मीटरहून अधिक खाली असून भोवती डोंगर आहेत. त्यामुळे वारा वरून एकाएकी कोसळतो. १९८६ साली दुष्काळात या सरोवराचे पाणी हटले, तेव्हा गाळात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक होडी सापडली. लांबी आठ मीटरच्या थोडी वर, रुंदी २.३ मीटर. तिच्यात दहाबारा जातींची लाकडे निघाली. म्हणजे जे मिळेल त्या लाकडाचे ठिगळ लावून ती वर्षानुवर्षे चालवली होती. ही पेत्राचीच होती असे कोणी म्हणत नाही. पण अशाच होडीत तो बसत असणार. मला तिचे छायाचित्र पाहून आमच्या वाडीतल्या होड्या आठवल्या.

तर अशा होडीतून, रात्रीच्या चौथ्या प्रहरी, लाटांवरून चालत येणाऱ्या येशूला पाहून पेत्र पाण्यावर उतरतो. चार पावले चालतो, वारा पाहतो, घाबरतो आणि बुडू लागतो. मार्क आणि योहान यांनीही येशू पाण्यावर चालल्याचे सांगितले आहे. पेत्र उतरल्याचे फक्त मत्तयाने. येशू त्याला अल्पविश्वासी म्हणतो, आणि व्याख्यानांत बहुधा या शब्दावरच भर दिला जातो. माझे मत थोडे निराळे आहे. ज्याला वाऱ्याची जात ठाऊक नाही तो भीत नाही. पर्यटक लाटांत खुशाल नाचतात, भितो तो खलाशी. पेत्राला त्या वाऱ्याचा अर्थ पुरता ठाऊक होता आणि तरी तो उतरला. बाकीचे अकरा होडीतच बसले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

येथपर्यंत पेत्र आपल्याला शूरच वाटतो. तसे त्यालाही वाटत असावे. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही असे तो छातीठोकपणे सांगतो. त्याच रात्री बागेत शिपाई येतात, तेव्हा तो तलवार उपसून महायाजकाच्या चाकराचा कानच कापतो. येशू त्याला तलवार म्यानात घालायला सांगतो. हे वाचताना मला तेरेखोल आठवले. रेडीच्या दक्षिणेला, खाडीच्या अलीकडे असूनही गोव्यात मोडणारा तो किल्ला. आत सेंट अँथनीचे लहानसे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र सत्याग्रही त्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. समोर पोर्तुगीजांच्या बंदुका आहेत हे त्यांना माहीत होते. पेत्राच्या हातात तलवार होती तोवर त्याचे धैर्य टिकले. तलवार म्यानात गेली आणि त्याला काय करावे तेच कळेना. हाती शस्त्र नसताना उभे राहण्याचे धैर्य त्याच्यापाशी तेव्हा नव्हते.

कारण काही तासांतच महायाजकाच्या अंगणात तो उभा आहे. थंडी आहे, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला आहे, तोही शेकत आहे. एक दासी विचारते, तू त्याच्याबरोबरचा ना? शिपाई नव्हे, न्यायाधीश नव्हे, एक दासी. तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. पुन्हा विचारतात, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा लोक म्हणतात की तू त्यांच्यातलाच, तुझी बोलीच सांगते आहे. तो गालीलकडचा, आणि यरुशलेमच्या शहरी लोकांत त्याचे उच्चार लपत नव्हते. तो शपथा घेऊन नाकारतो. कोंबडा आरवतो. पेत्र बाहेर जाऊन रडतो.

बोलीची ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले. वाचकहो, लेखात स्वतःविषयी लिहू नये असे म्हणतात. पण इथे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. मागील वर्षी प्रवेशाच्या दिवशी बाबा रापणीवरून तसेच आले होते. विजार गुडघ्यापर्यंत ओली, अंगाला मासळीचा वास, आणि रुमालाच्या गाठीत फीचे पैसे. मी नुकत्याच ओळख झालेल्या तिघांबरोबर उभा होतो. एकाने विचारले, “कोण रे ते?” मी अगदी पुस्तकी मराठीत, मालवणीचा एकही हेल येऊ न देता उत्तर दिले, “आमच्या वाडीतले आहेत.” बाबा तेव्हा खिडकीपाशी पैसे मोजत होते. त्यांनी ऐकले की नाही, मला माहीत नाही. कोणी मला धाक घातला नव्हता. विचारणाराही चांगलाच मुलगा होता, आज माझा मित्र आहे.

असो. मला विशेष वाटले ते असे की पेत्राचे हे नाकारणे चारही शुभवर्तमानांत आहे. इतर कित्येक गोष्टी एकात आहेत तर दुसऱ्यात नाहीत. ही मात्र चौघांनीही वगळली नाही. ज्याला मंडळीचा अग्रणी मानायचे त्याची फजिती कोण जपून ठेवतो? मार्काने पेत्राच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी लिहिल्या अशी फार जुनी परंपरा आहे. ती खरी असेल, तर ही गोष्ट पेत्राने स्वतःच गावोगाव सांगितली असली पाहिजे. पाण्यावर चार पावले चाललेला पेत्र मार्कात नाही. विस्तवाजवळ खोटे बोललेला आहे. पेत्राचे खरे धैर्य मला तलवारीपेक्षा या सांगण्यात दिसते.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात तो परत मासे धरायला गेलेला दिसतो. पुन्हा रात्रभर काही नाही, पुन्हा काठावरून कोणी सांगते की उजवीकडे जाळे टाका. तो कोण हे कळताच पेत्र अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी घेतो. होडी काठापासून दोनशे हातांवर असते. या वेळी तो पाण्यावरून चालायला मागत नाही, भिजतच जातो. काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. सबंध शुभवर्तमानात योहानाने कोळशाचा विस्तव दोनच ठिकाणी लिहिला आहे, एक त्या अंगणातला आणि एक हा. आधी न्याहारी होते. मग येशू विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीन वेळा नाकारले होते, तीन वेळा विचारतो. का नाकारलेस, हे एकदाही विचारत नाही. प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवतो : माझी मेंढरे सांभाळ.

पेत्राच्या नावावर असलेल्या दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात गुणांची एक साखळी आहे. अनेक अभ्यासक हे पत्र त्याच्या हातचे मानत नाहीत, पण नाव त्याचेच दिले गेले आहे. श्रद्धेपासून आरंभ करून तीत सद्गुणाची, त्यात ज्ञानाची, मग संयम, धीर, भक्ती, बंधुभाव आणि शेवटी प्रीतीची भर घालत जावी असे तेथे सांगितले आहे. ‘भर घालणे’ हे मला महत्त्वाचे वाटते. शेतात मातीची भर घालतात तशी, टोपलीटोपलीने. अंगणातल्या त्या रात्री पेत्रापाशी प्रीती होती, पण तिच्याखाली धीराची भर पडलेली नव्हती.

गोव्यात कांदोळी, शिवोली भागांतले मच्छीमार २९ जून रोजी होड्या एकमेकींना जोडून ‘सांगड’ काढतात, तो या पेत्राचाच सण. आपली नारळी पौर्णिमा जशी, तशी त्यांची ही सां पेद्रूची आठवण, ऐन पावसाळ्यातली.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना ही सगळी गोष्ट मालवणीत सांगितली. त्या शेवटच्या जाळ्यात एकशेत्रेपन्न मासे होते असे योहान लिहितो. या आकड्याने विद्वानांना पुष्कळ छळले आहे. एक ते सतरा या अंकांची बेरीज १५३ होते, हे संत ऑगस्टिनने दाखवून त्यातून मोठा अर्थ काढला. मी बाबांना विचारले, असल्या वेळी मासे मोजत कोण बसले असेल? बाबा जाळे सांधत होते. मान वर न करता म्हणाले, “मोजूक नको? वाटे कशे घालतले मगे?”

प्रवेशाच्या दिवसाची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. त्यांची शाळा तिसरीतच सुटली, त्यामुळे हा अंक घरी गेल्यावर मलाच वाचून दाखवावा लागेल.