डिस्क शंभर टक्के

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. धुकं शटरखालून आत शिरतं, भिंतींना ओल येते, कागद सादळतात. अशा हवेत झेरॉक्सच्या, फोटोच्या, लग्नपत्रिकांच्या दुकानांत आणि शाळांच्या ऑफिसांत दहा-बारा वर्षांचे जुने कॉम्प्युटर रोज राबत असतात. त्यांच्याबद्दलची तक्रार ठरलेली. फोल्डरवर क्लिक केलं की खिडकी पांढरी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं. त्यावरचा सल्लाही ठरलेला: जुना झालाय, फॉरमॅट मारा, विंडोज नवीन टाका.

हा सल्ला पुष्कळदा चुकतो आणि कधी कधी घात करतो. कॉम्प्युटर नुसत्या वयानं संथ होत नाही. पंख्यात धूळ बसून तापत नसेल, तर प्रोसेसर दहा वर्षांपूर्वी जेवढी आकडेमोड करायचा तेवढीच आजही करतो. फाइल उघडायला वेळ लागतोय याचा अर्थ एवढाच, की ती जिथं ठेवली आहे तिथून पडद्यापर्यंतच्या वाटेवर एखाद्या ठरावीक ठिकाणी अडतंय. ती जागा शोधता येते.

त्या वाटेवरचं सगळ्यात जुनं, आणि अजूनही प्रत्यक्ष हलणारं यंत्र म्हणजे हार्ड डिस्क. आयबीएमनं १९५६ साली ‘रॅमॅक’ नावाचा संगणक आणला तेव्हा त्याच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. वजन टनाच्या घरात, साठवण ५० लाख अक्षरांची आणि हवी ती नोंद सापडायला सरासरी सहाशे मिलिसेकंद. आजची डिस्क तळहातावर मावते, पण मूळ रचना तीच आहे. तबकडी फिरते, तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून वाचक-शीर्ष तरंगतं, ते योग्य वर्तुळावर जातं आणि हवा तो तुकडा फिरून खाली येईपर्यंत थांबतं.

हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात आणि सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. शीर्ष हलायला लागणारे दहा-बारा मिलिसेकंद त्यात मिळवले की एका तुकड्यामागे साधारण १६ मिलिसेकंद जातात. एकसलग ठेवलेली मोठी फाइल हीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वाचते. पण चार-चार किलोबाइटचे विखुरलेले तुकडे मागितले, तर सेकंदाला साठ-सत्तरच हाती लागतात, म्हणजे जेमतेम पाव मेगाबाइट. मुंबईकडचा डीसी आणि भुसावळकडचा एसी वीजप्रवाह इगतपुरीत भेटायचा त्या काळात गाड्या इथं इंजिन बदलायला थांबत. धावण्याचा वेग कितीही असला, तरी वेळ जायचा तो थांब्यात. डिस्कचंही तसंच आहे. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क १००%’ दिसतं आणि शेजारी वेग मात्र अर्धा मेगाबाइटही नसतो. डिस्क भरपूर काम करते आहे असा त्याचा अर्थ नाही, ती सतत थांबे घेते आहे.

हे थांबे येतात कुठून? एक उगम अगदी साधा. रॅम चार जीबी, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडे. रॅम पुरत नाही म्हणून विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर ठेवत-काढत राहतं. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवलेले असतात आणि उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही तपासतात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळे नवी फाइल तुकड्या-तुकड्यांत विखुरली जाते. पूर्वी जोडलेला, आता बंद पडलेला नेटवर्क ड्राइव्ह यादीत तसाच राहतो आणि ‘माय कॉम्प्युटर’ उघडताना विंडोज त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतं. या सगळ्यांचा इलाज तासाभराचा आहे आणि त्यात डेटाला धोका नाही.

दुसरा उगम खरा काळजीचा. डिस्क सेक्टर नावाच्या बारीक कप्प्यांत लिहिते आणि प्रत्येक कप्प्यासोबत चूक ओळखून दुरुस्त करणारा संकेतही ठेवते. कप्पा कमजोर झाला की डिस्क लगेच हार मानत नाही. तोच कप्पा ती फेऱ्यामागून फेरे घेत पुन्हा वाचून पाहते आणि त्यात कित्येक सेकंद जातात. वापरणाऱ्याला तेवढ्यात फक्त ‘हँग’ दिसतं. मग फाइल उघडते, सगळं सुरळीत वाटतं आणि तो प्रसंग विसरला जातो.

डिस्क मात्र विसरत नाही. ‘स्मार्ट’ या नावानं ओळखली जाणारी नोंदवही ती स्वतःच्या आत ठेवते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा एका जपानी प्रोग्रामरनं लिहिलेला मोफत प्रोग्राम ती उघडून दाखवतो: निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल धोक्याचा. रंगावर न थांबता खालचा तक्ता वाचावा. ‘०५’ या ओळीत किती खराब कप्पे बदलून राखीव कप्पे वापरात आणले ते असतं. ‘सी५’ मध्ये वाचता न आल्यानं निर्णयासाठी लटकलेले कप्पे. ‘सी७’ मध्ये केबलवरून येता-जाता बिघडलेले निरोप. आकडे बहुधा षोडशमान पद्धतीत छापलेले असतात. तिथं १० दिसलं तर ते सोळा असतात.

ही नोंदवही म्हणजे भविष्यवाणी नव्हे. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. त्याच वेळी मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी अभ्यासात महत्त्वाच्या ठरलेल्या चारही नोंदींत काहीच इशारा दिला नव्हता. म्हणजे तक्ता वाईट दिसला तर नक्की घाबरावं. चांगला दिसला म्हणून बॅकअप टाळू नये.

‘सी७’ कडे इगतपुरीसारख्या गावात जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तिथं दोष डिस्कचा नसून जोडणीचा असू शकतो. कॅबिनेट उघडलं की डिस्ककडे जाणारी चपटी साटा केबल दिसते. तिच्या टोकाला सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या सात पट्ट्या असतात. ओलसर हवा, धूळ आणि सैल झालेली खाच एकत्र आली की तिथला स्पर्श खात्रीचा राहत नाही. निरोप बिघडतो, पुन्हा पाठवावा लागतो. या नोंदीतला आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो कागदावर लिहून ठेवावा, केबल बदलावी, आठवडाभर काम करून पुन्हा पाहावा. तेवढाच राहिला तर दुखणं केबलचंच होतं. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं पुसायची जी रीत आपल्याकडे रुळली आहे, तीच डिस्कखालच्या हिरव्या पट्टीच्या काळवंडलेल्या टिकल्यांनाही कारागीर लावतात. डिस्कच्या आत मात्र कोणी डोकावू नये. तिच्या झाकणावर हवेचा दाब सारखा राखणारं गाळणीचं बारीक छिद्र असतं, तेही झाकू नये.

विंडोज एक्सपीच्या यंत्रांत याच दुखण्याचं वेगळं रूप दिसायचं, आणि अजूनही दिसतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं जुनं ‘श्री-लिपी’ आणि पेजमेकर यांवर बांधलेल्या पत्रिकांच्या फाइली नव्या यंत्रावर नीट उघडत नाहीत, म्हणून डीटीपीवाले एक्सपीचं यंत्र सांभाळून असतात, आणि ते योग्यच करतात. त्या एक्सपीत केबलवर सहा चुका जमल्या की विंडोज डिस्कचा वेग एक पायरी खाली आणतं. असं होत होत शेवटी ‘पीआयओ’ पद्धत लागते आणि प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या हातून जाऊ लागतो. डिस्क निरोगी असते, विंडोजही निरोगी असतं, तरी यंत्र रांगतं. डिव्हाइस मॅनेजरमधून ते आयडीई चॅनेल काढून यंत्र पुन्हा सुरू केलं की वेग परत येतो. केबल मात्र बदलायलाच हवी, नाहीतर पुन्हा सहा चुका जमतात.

सीडीचा ड्राइव्हही यात दोषी ठरू शकतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९८५ साली स्थापन झालेल्या विपश्यना विशोधन विन्यासानं पाली तिपिटक अनेक लिपींत दाखवणारी सीडी काढली. यंगूनमध्ये १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाव्या संगीतीचा पाठ तिच्यात आहे. एवढा ग्रंथसंभार एका चकतीवर आला, ही इगतपुरीच्या संगणक-इतिहासातली अभिमानाची गोष्ट. पण सीडीवर हवी ती जागा गाठायला शंभरेक मिलिसेकंद लागतात. चकतीवर ओरखडा किंवा बुरशी असेल तर ड्राइव्ह वेग कमी-जास्त करत पुन्हा पुन्हा वाचतो आणि तोवर विंडोज एक्सप्लोरर अडकून राहतो. ट्रेमध्ये विसरलेली एक सीडी बाहेर काढल्यावर यंत्र मोकळं झालं, असं खरोखरच होतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती क्रमात. डिस्क अडखळते आहे हे दिसल्यावर पहिलं काम दुरुस्तीचं नसून कॉपीचं. ‘चेकडिस्क’ला ‘/आर’ जोडून चालवलं की ते ड्राइव्हचा कप्पा न् कप्पा वाचायला जातं. डिफ्रॅग फाइली उचलून हलवतं. फॉरमॅट तर यादीच पुसतं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेले तास त्यात खर्च होतात. आधी पत्रिकांच्या फाइली, हिशेब, फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्यावेत, लहान आणि मोलाचं आधी. कॉपी अडकू लागली तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ‘डीडीरेस्क्यू’ वापरावा. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, खराब जागा वगळून पुढे जातो आणि त्या जागांकडे शेवटी परत येतो.

सगळं हाती लागल्यावर एसएसडी टाकायला हरकत नाही, आणि जुन्या यंत्रावर एवढा फरक पाडणारा दुसरा खर्च नाही. तिच्यात फिरणारं काही नाही. तुकडा शोधायला लागतो मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा. दहा वर्षांचं यंत्र तिच्यावर आरामात चालतं. ती मात्र बऱ्याचदा न अडखळता, एका झटक्यात जाते, म्हणून बॅकअपची सवय ठेवावीच.

काढलेल्या जुन्या डिस्कची घाई करू नये. नव्या डिस्कवर महिनाभर काम करून, जुन्या फाइली, फाँट, टेम्प्लेट सगळं उघडतंय हे पाहिल्यावरच ती रिकामी करावी. झेरॉक्सच्या दुकानातल्या डिस्कवर गावातल्या माणसांची आधार कार्डं, सातबारे, शाळेचे दाखले, पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात. ती रीसायकल बिनमधून काढल्यानं किंवा साध्या क्विक फॉरमॅटनं खरी जात नाहीत. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून घ्यावीत, आणि डिस्क चालतच नसेल तर भंगारात देण्याआधी ड्रिलनं तबकड्यांना आरपार भोकं पाडावीत.