घरगुती हायड्रोपोनिक्स : पाइपमधील निचरा आणि खत मिसळताना होणाऱ्या चुका

गच्चीवरच्या पाइपमधील लेट्यूसची रोपे दुपारी माना टाकतात, पाने पिवळी पडू लागतात. मग घरात जे विद्राव्य खत असेल ते आणखी दोन चमचे टाकीत जाते आणि आठवडाभरात रोपे अधिकच बसतात. पाणी फिरते ठेवणाऱ्या घरगुती हायड्रोपोनिक्समध्ये ही तक्रार सर्वांत जास्त येते. अशा वेळी बहुतेकदा खत कमी पडलेले नसते. एक तर पाइपमधून पाणी नीट परत येत नसते, नाहीतर टाकलेले खत साका होऊन टाकीच्या तळाशी बसलेले असते. दोन्ही वेळा पाने पिवळीच दिसतात आणि दोन्ही वेळा जादा खताने नुकसानच होते.

म्हणून आधी पिवळेपणा नेमका कुठे आहे ते पाहा. सगळ्या ओळी एकाच वेळी पिवळ्या पडल्या असतील तर दोष टाकीतल्या द्रावणात शोधा. एकच ओळ पिवळी असेल तर त्या पाइपला पाणी कमी जाते आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या टोकाची किंवा मधली काही रोपेच सुकत असतील तर तिथे पाणी तुंबले आहे. कृषी सहायकांनीही पाहणीला गेल्यावर पानांचे फोटो काढण्याआधी एवढे पाहून घेतले तर निम्मे निदान तिथेच होते.

पुढची मापे तीन मीटर लांबीचे चार पाइप, १०० लिटरची टाकी आणि पाण्यात बुडणारा छोटा पंप, अशा साध्या संचासाठी आहेत.

पाण्यात असूनही रोपे का सुकतात?

या पद्धतीला एनएफटी म्हणतात. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी ती विकसित केली. त्यांची कल्पना अशी, की द्रावणाचा अगदी पातळ थर पाइपच्या तळाने वाहावा. मुळांचा खालचा भाग त्या थरात राहावा आणि वरचा भाग ओलसर हवेत. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही तर मुळे पाणी ओढू शकत नाहीत आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानेने सुकते. शेतात पाणी साचल्यावर तूर पिवळी पडते, तोच हा प्रकार.

उन्हाळ्यात हा त्रास वाढतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. त्याच वेळी गरम पाण्यात मुळांची श्वसनाची गरज मात्र वाढलेली असते. मार्च ते मे या काळात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला कोमट लागते. ते द्रावण तुंबलेल्या पाइपमध्ये उभे राहिले की पिथियमसारख्या बुरशीला आयते घर मिळते. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे एका पाइपमधली मूळकूज पंपावाटे चारही पाइपमध्ये जाते. निरोगी मुळे पांढरी आणि चिवट असतात. तपकिरी झालेली, बोटांनी ओढल्यावर वरची साल निघून आत दोरा उरणारी आणि वास येणारी मुळे दिसली, तर ती रोपे लगेच काढून टाका. टाकी सावलीत घ्या, बाहेरून पांढरा रंग द्या किंवा ओले गोणपाट गुंडाळा. द्रावण २५ अंशांच्या आसपास राहिले तर उत्तम.

निचरा तपासण्याची रीत

पंप बंद करा आणि दहा मिनिटे थांबा. मग प्रत्येक पाइपमधील पहिली, मधली आणि शेवटची जाळीची कुंडी उचलून आत पाहा.

मध्येच पाणी साचलेले असेल तर पाइपला झोल आला आहे. पीव्हीसी पाइप उन्हात नरम पडतो आणि दोन आधारांमधला भाग खाली बसतो. दर मीटरला आधार द्या. उतार ३० ते ४० ला १ ठेवा, म्हणजे तीन मीटरच्या पाइपला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेसात ते दहा सेंटिमीटर. हा उतार नजरेने ठरवू नका. गच्चीलाच पावसाच्या पाण्यासाठी ढाळ दिलेला असतो, त्यामुळे फरशीपासून मोजलेली उंची हमखास फसवते. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घ्या.

शेवटच्या टोकाला पाणी साचले असेल तर टोपणाचे छिद्र पाहा. काहीजण ते मुद्दाम तळापासून थोडे वर पाडतात, म्हणजे वीज गेली तरी थोडे पाणी आत राहते. भारनियमन असलेल्या गावात एक सेंटिमीटर पाणी राहू देणे मला शहाणपणाचे वाटते, कारण कोरड्या पाइपमधली रोपे उन्हाळ्यात एक-दोन तासांत माना टाकतात. पण चार-पाच सेंटिमीटर पाणी कायम उभे असेल तर मुळे गुदमरणारच. छिद्र बरोबर असेल तर ते मुळांनी किंवा कोकोपीटच्या भुशाने बुजले आहे का ते तपासा. पुदिना आणि टोमॅटो यांची मुळे पाइप अक्षरशः भरून टाकतात. टोमॅटोसाठी पाइपऐवजी बादली पद्धतच घ्यावी. जाळीच्या कुंडीत सुटे कोकोपीट भरू नका. धुतलेले क्ले बॉल्स वापरा आणि परतीच्या नळीच्या तोंडाला नायलॉनचा जुना मोजा बांधून तो दर दोन दिवसांनी धुवा.

पाइपमध्ये पाणी किती जाते हेही मोजा. एक लिटरचे भांडे एकेका पाइपच्या आत येणाऱ्या नळीखाली धरा. ते अर्ध्या ते एका मिनिटात भरले पाहिजे, म्हणजे मिनिटाला एक ते दोन लिटर. पंपाच्या खोक्यावर छापलेला लिटर प्रतितासाचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो. दीड मीटर उंचीवर त्यातले बरेच कमी होते, त्यामुळे खोक्यावर विसंबू नका. चारपैकी एकाच नळीची धार बारीक असेल तर ती सोडवून फुंकर मारा. आत पांढरी खर सापडली तर तिचे मूळ खत मिसळण्यात आहे, त्याकडे पुढे येऊ.

परतीची नळी नेहमी येणाऱ्या नळीपेक्षा खूप रुंद असावी. येणारे पाणी पंप ढकलतो, जाणारे पाणी फक्त उताराने जाते. चार पाइपचे पाणी एकत्र आणणारी नळी ४० मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नका. तिचे टोक टाकीतल्या पाण्यात बुडवू नका. बुडलेल्या टोकामुळे नळीत हवा अडकते आणि पाणी थांबत-थांबत गुळगुळ आवाज करत येते. टोक पाण्याच्या वर ठेवले तर धार पडताना द्रावणात हवाही मिसळते.

वीज गेल्यावर सांडणारे खत

निचरा आणि खताचे प्रमाण यांचा सांधा इथे आहे, आणि तो सहसा लक्षात येत नाही. पंप थांबला की पाइपमधले सगळे द्रावण टाकीत उतरते. समजा टाकी काठोकाठ १०० लिटर भरलेली आहे आणि पाइपमध्ये १२ लिटर आहे. वीज गेली की १२ लिटर तयार द्रावण गच्चीवर सांडते. वीज आल्यावर टाकीची पातळी खाली दिसते, म्हणून आपण साधे पाणी ओततो. एका वेळेला खताचा दहावा भाग गेला. असे तीनदा झाले की १.६ असलेली ई.सी. १.१ च्या आसपास येते आणि सगळ्या ओळी एकदम फिक्या पडतात. यावर उपाय सोपा आहे. पंप बंद असताना टाकी वरून एक वीत रिकामी राहील एवढेच द्रावण भरा. मग पंप चालू करून पातळी स्थिरावली की तिथे रंगाने खूण करा. पुढची भर कायम पंप चालू असताना, या खुणेपर्यंतच घाला.

१९:१९:१९ इथे का चालत नाही

ठिबकसाठी आणलेले १९:१९:१९ घरात असतेच आणि मातीत ते चांगले काम करते. मातीविना शेतीत त्याच्या दोन अडचणी आहेत. त्यात कॅल्शियम नाही. शिवाय त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचे रूपांतर करून तो पिकाला देतात. स्वच्छ पाइपमध्ये ते काम फार मंद होते. त्यात युरिया वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ई.सी. मीटर तो दाखवतच नाही. मीटरवर आकडा कमी दिसतो म्हणून आपण आणखी खत टाकतो आणि फसतो.

पालेभाज्यांसाठी १०० लिटर पाण्याला पुढील प्रमाण चालते.

पहिली बाटली (अ) : कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम, चिलेटेड लोह (१२ टक्के) दीड ते दोन ग्रॅम.

दुसरी बाटली (ब) : १३:००:४५ ४० ग्रॅम, ००:५२:३४ १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३५ ग्रॅम, आणि हायड्रोपोनिक्ससाठी मिळणारे लोहविरहित सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण त्याच्या पाकिटावरील प्रमाणात.

फवारणीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचे फवारणीचे प्रमाण टाकीत टाकू नका. तेच पाणी दिवसरात्र मुळांवरून फिरते, त्यामुळे जस्त आणि तांबे लवकर विषारी पातळीला जातात.

प्रत्येक बाटलीतले खत एकेक लिटर पाण्यात वेगळे विरघळवून घ्या. या दोन बाटल्या एकमेकींत कधीही ओतू नयेत. घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम तयार होते, कॅल्शियम आणि स्फुरद भेटले की कॅल्शियम फॉस्फेट. दोन्ही पांढरा साका होऊन तळाशी जातात. पीक त्यांना मुकतेच, आणि नळीत सापडलेली ती खर हीच. एकच चमचा धुतल्याशिवाय दोन्ही बाटल्यांत घालणे एवढेही पुरते. अ बाटली गडद रंगाची किंवा झाकलेली ठेवा, उजेडाने चिलेटेड लोह खराब होते.

टाकीत मिसळताना आधी टाकी पाण्याने जवळजवळ पूर्ण भरा आणि पंप चालू ठेवा. मग अ ओता आणि दहा मिनिटे फिरू द्या. त्यानंतर ब हळूहळू, दुसऱ्या कोपऱ्यातून ओता. पाणी ढगाळ झाले तर काहीतरी चुकले आहे. ते द्रावण पिकाला न फिरवता झाडांच्या आळ्यात घाला आणि टाकी धुऊन नव्याने सुरुवात करा. सामू सर्वांत शेवटी जुळवा.

पाण्याची ई.सी. आधी मोजा

साध्या पाण्याची ई.सी. न मोजता खत मोजणे म्हणजे भरलेल्या पोत्यासकट धान्य तोलणे. लेट्यूससाठी एकूण ई.सी. १.२ ते १.८ डेसी सायमन प्रति मीटर आणि सामू ५.५ ते ६.५ लागतो. मीटरवर मिलिसायमन प्रति सेंटिमीटर लिहिलेले असले तरी आकडा तोच. पीपीएम दाखवणारे स्वस्त पेन मात्र ई.सी.ला कोणी ५०० ने, कोणी ७०० ने गुणतात, म्हणून दोघांनी आपले पीपीएम एकमेकांशी ताडू नयेत.

वरील प्रमाणाने मऊ पाण्यात ई.सी. दीडच्या पुढे-मागे येते. बोअरवेलच्या पाण्याचीच ई.सी. ०.८ असेल तर खतासाठी जागा निम्मीच उरते. शिवाय अशा पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतात आणि सामू आज खाली आणला तरी उद्या पुन्हा वर जातो. पावसाचे किंवा आरओचे पाणी निम्मे मिसळणे हा खरा उपाय. सामू उतरवायला पातळ फॉस्फोरिक आम्ल वापरा. हातमोजे आणि चष्मा घाला, आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको. लिंबाच्या रसाने सामू उतरतो, पण जिवाणू तो खाऊन टाकतात आणि सामू परत चढतो.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह टाकण्याआधी सामू पाहा. साडेसहाच्या वर साधे ईडीटीए लोह टिकत नाही, मग कितीही टाका. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपत असतील तर टाकीत कॅल्शियम असूनही ते पानापर्यंत पोहोचत नसते. अशा वेळी रोपांभोवती हवा खेळती करा आणि ई.सी. थोडी उतरवा.

रोजचे दोन आकडे

सकाळी पातळी आणि ई.सी. वहीत लिहा. पाणी कमी झाले आणि ई.सी. वाढली तर रोपांनी खतापेक्षा पाणी जास्त प्यायले आहे. साधे पाणी घाला. दोन्ही कमी झाले तर अ आणि ब समान मापाने घाला, प्रत्येक वेळी दोहोंच्या मध्ये दहा मिनिटे सोडून. नत्र नायट्रेट रूपात असले की सामू हळूहळू चढणे हे निरोगी रोपांचेच लक्षण आहे. तो काही न घालता अचानक घसरला तर मुळे तपासा.

दोन ते तीन आठवड्यांनी मात्र आकडे बरोबर दिसत असले तरी द्रावण बदला. पीक न उचलणारे सोडियम आणि क्लोराइड साचत जातात आणि मीटर त्यांनाही खतच समजतो. काढलेले द्रावण नारळ, केळी किंवा कुंपणाच्या झाडांना विभागून द्या, विहिरीजवळ किंवा गटारात सोडू नका. टाकी आणि नळ्या घासून धुताना तळाचा थर बोटाने चोळून पाहा. पांढरा आणि खरखरीत असेल तर मिसळण्याचा क्रम चुकतो आहे. तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर पाइपमध्ये कुठेतरी पाणी उभे आहे, तेव्हा लेव्हल नळी पुन्हा काढा.