सरमिसळ प्रश्नांचा सराव

विद्या घोकल्यानें येते, परंतु वेळेवर ती हातीं लागेलच असें नाहीं. धडा पाठ आहे, सूत्रें पाठ आहेत, प्रकरणाखालचे सर्व प्रश्न बिनचूक सुटले आहेत. आणि तरीहि प्रवेशपरीक्षेस बसल्यावर ओळखीचाच प्रश्न परका वाटतो, ही तक्रार आज अनेक सुशिक्षित घरांतून ऐकूं येते. मुलगा आळशी नाहीं, मुलगी मंद नाहीं. मग इतकी मेहनत जाते कोठें? माझ्या मतें दोष अभ्यासाच्या तासांत नसून त्याच्या क्रमांत आहे.

प्रथम परीक्षेचें स्वरूप पाहूं. वैद्यकीय प्रवेशासाठीं देशभर घेतली जाणारी ‘नीट’ परीक्षा घ्या. २०२५ सालीं तींत १८० प्रश्न होते व वेळ १८० मिनिटें होता. म्हणजे प्रश्नास एक मिनिट. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. प्रत्येकाखालीं चार पर्याय. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक गुण वजा. प्रत्येक विषयांत प्रकरणांची सरमिसळ असते आणि कोणत्याहि प्रश्नावर प्रकरणाचें नांव लिहिलेलें नसतें. घरीं मात्र मूल नेमका उलट अभ्यास करतें: सोमवारीं उष्णता, मंगळवारीं विद्युत्, बुधवारीं पेशी. एका प्रकरणाखालचे तीस प्रश्न ओळीनें सोडवितांना कोणता नियम लावावयाचा हें शीर्षकच सांगून टाकतें. विद्यार्थ्याकडे उरते ती केवळ आंकडेमोड.

एक उदाहरण देतों. दोरीनें टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर बंदुकीची गोळी आदळून आंत रुतते व ठोकळा गोळीसह झोका घेऊन वर जातो. तो किती उंच जाईल? गोळी रुततांना गतिज ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेंत व लाकूड फाटण्यांत खर्च होतो; म्हणून तेथें ऊर्जेचा नियम चालत नाहीं, संवेगाचा लावावा लागतो. झोका सुरू झाला कीं संवेग कायम राहत नाहीं, पण यांत्रिक ऊर्जा कायम राहते. म्हणून तेथून पुढें ऊर्जेचा नियम. दोन्ही नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थी आरंभींच ऊर्जेचा नियम लावतो आणि फसतो. कारण त्या चुकीच्या रीतीनें येणारें उत्तरहि पर्यायांत अनेकदां मुद्दाम छापलेलें असतें. नियम येणें ही एक विद्या आणि तो कोठें लावावा हें ओळखणें ही दुसरी. प्रकरणवार सरावानें पहिली येते. दुसरीसाठीं प्रश्न मिसळावेच लागतात.

याला प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेंतील डग रोरर व केली टेलर या दोघां संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचें घनफळ काढण्यास शिकविलें. एका गटानें एकेका आकृतीचीं उदाहरणें सलग सोडविलीं, दुसऱ्यानें सर्व मिसळून. सरावाच्या वेळीं सलग गटाचीं शेंकडा ८९ उत्तरें बरोबर आलीं, मिश्र गटाचीं ६०. एका आठवड्यानें परीक्षा घेतली तेव्हां सलग गट २० वर उतरला आणि मिश्र गट ६३ वर टिकला.

हे आंकडे आईबापांनीं नीट ध्यानांत ठेवावे. प्रश्न मिसळले कीं आरंभीं गुण कमी पडतात. घरांत लगेच “अभ्यास घसरला” असा बोभाटा होतो आणि मूल घाबरून पुन्हां जुन्या वाटेस लागतें. ही घसरण वडील मंडळींनीं सोसली तरच पुढें लाभ आहे.

आपल्या शास्त्रपाठशाळांना ही गोष्ट निराळ्या रूपानें ठाऊक होती. शलाकापरीक्षेंत पोथींत शलाका घालावयाची आणि जें पान उघडेल त्यावरील विषय विद्यार्थ्यानें तेथल्या तेथें विशद करावयाचा. कोणतें पान निघेल हें त्याला ठाऊक नसे. म्हणून सारी पोथीच तयार ठेवावी लागे. संस्कृत शास्त्रस्पर्धांतून शलाका आजहि घेतली जाते.

घरीं ही योजना सहज करतां येते. नवें प्रकरण प्रथम क्रमानेंच शिकावें व त्याचे थोडे प्रश्न सलग सोडवावे. न शिकलेलें मिसळल्यास केवळ गोंधळ होतो. मग एक दिवसाआड तिन्ही विषयांचे दहा दहा प्रश्न, जुन्या प्रकरणांतून चिठ्ठ्या टाकून निवडावे. चिठ्ठ्या उचलण्याचें काम आजोबांनीं वा काकूंनीं करावें. त्यास विषय येण्याची गरज नाहीं. घड्याळ लावून तीस मिनिटें द्यावीं. उत्तरें त्याच दिवशीं ताडून पाहावीं, कारण चुकीचा पर्याय एकदां बरोबर वाटला कीं तोच स्मरणांत बसण्याची भीति असते. प्रत्येक चुकीपुढें कारण लिहावें: माहिती नव्हती, रीत ओळखली नाहीं, कीं घाई झाली. पहिल्या चुकीस पुस्तक, दुसरीस मिश्र सराव आणि तिसरीस सावकाश वाचन हें औषध होय. तीन चुकीचे पर्याय कां चुकीचे, हेंहि मुलानें तोंडानें सांगावें.

अंदाजाविषयीं दोन शब्द. चार गुण व वजा एक, असा हिशेब असतां अगदीं डोळे मिटून चार प्रश्न सोडविले तर सरासरीनें एक बरोबर व तीन चूक, म्हणजे एकच गुण पदरीं पडतो. दोन पर्याय खात्रीनें बाद करून दोन प्रश्न सोडविले तर सरासरीनें तीन गुण मिळतात. महाराष्ट्राच्या सीईटींत २०२५ सालीं चुकीस वजाबाकी नव्हती; तेथें उत्तर कोरें ठेवणें हा निव्वळ तोटा. एवंच, परीक्षेंत विचारपूर्वक अंदाज अवश्य करावा. घरच्या सरावांत मात्र अंदाजाच्या उत्तरावर टिंब द्यावें आणि तें बरोबर आलें तरी चुकलेलेंच धरावें. नाहींतर मूल स्वतःलाच फसवितें.

जागा थोड्या आणि उमेदवार फार. तेव्हां उत्तम तयारी असूनहि प्रवेश हुकणें शक्य आहे, हें मुलास आधींच प्रेमानें सांगून ठेवावें. परंतु या सरावानें आलेली पारख वायां जात नाहीं. उद्यां तें मूल डॉक्टर झालें, तर दारीं येणाऱ्या रोग्याच्या कपाळीं प्रकरणाचें नांव लिहिलेलें नसेल. रोग कोणता हें त्यालाच ओळखावें लागेल.