दिवा लागतो, पण आवाज नाही!

आम्ही मंडळासाठी वर्गणीतून जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेतला. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री दिवा लागला, पण आवाज येईना. लोकांचे पैसे बुडाले असेच वाटले. मेकॅनिककडे धावण्याआधी आम्ही एकेक गोष्ट तपासली. स्पीकर शेजाऱ्यांच्या सेटला लावून पाहिले. ते चांगले होते. स्पीकरचे बटणही चालू होते. मग 'टेप मॉनिटर'चे बटण आत दाबलेले दिसले. ते दाबलेले असले की ॲम्प्लिफायर फक्त टेपच्या जोडणीतलाच आवाज घेतो. व्हॉल्यूम कमी करून ते सोडले आणि गाणे सुरू झाले! वाचकहो, फ्यूज उडाला तर तेवढ्याच ॲम्पियरचा घाला, तार गुंडाळू नका. झाकण मात्र उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज साठलेली असते.