कार्यालयातील इंटरनेट फोन : पेजिंग आणि इंटरकॉम

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली शिकून कार्यालयांत नोकरीस लागत आहेत. तेथील बरेच फोन आता इंटरनेट पद्धतीने चालतात. त्यांतील दोन सोयींची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पेजिंग म्हणजे एकतर्फी घोषणा. ठरलेला क्रमांक दाबून बोलले की त्या गटातील सर्व फोनच्या स्पीकरवर आवाज येतो. ऐकणाऱ्यास उत्तर देता येत नाही. इंटरकॉम मात्र दुतर्फी असतो. बीप वाजून समोरचा फोन आपोआप सुरू होतो. त्याबरोबर माईकही सुरू होऊ शकतो, म्हणून बीप ऐकताच सावध असावे. माईक बंद ठेवण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते.

जी.७११ पद्धतीत नुसत्या आवाजालाच सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. २० फोनना घोषणा वेगवेगळी पाठविली तर १,२८० किलोबिट होतात. मल्टिकास्ट पद्धतीत एकच प्रवाह सर्वांना पुरतो.

पुष्कळ फोनना वीज नेटवर्कच्या तारेतूनच मिळते. वीज गेली आणि नेटवर्कच्या स्विचला यूपीएस नसेल, तर आगीची सूचनाही कोणास ऐकू जाणार नाही. ही व्यवस्था आधीच तपासून घ्यावी.

पेजिंगचा क्रमांक केवळ साहेबांपुरता राहू नये. रात्री धूर प्रथम दिसतो तो पहारेकऱ्याला किंवा सफाई कामगाराला. त्यांनाही तो क्रमांक ठाऊक असावा आणि वापरण्याची मुभा असावी, असा आग्रह आपल्या तरुणांनी नोकरीच्या ठिकाणी अवश्य धरावा.