मुलांच्या नाटकांचा वर्षभराचा हंगाम कसा उभा करावा

बहुतेक सोसायट्यांत, वाचनालयांत आणि मंडळांत मुलांचे नाटक वर्षातून एकदाच बसते. महिनाभर धावपळ, एक प्रयोग, टाळ्या, फोटो, की पुढच्या वर्षापर्यंत सगळे शांत. अशा एकुलत्या प्रयोगात प्रत्येकाला सगळे नीटच व्हायला हवे असते. त्यामुळे खणखणीत बोलणाऱ्या त्याच चार मुलांना दरवर्षी मोठ्या भूमिका मिळतात आणि बाकीची मुले झाड, सैनिक किंवा गर्दी होऊन राहतात. वर्षाला तीन नाटके करायची ठरवली, तर या वेळी विंगेत उभी राहिलेली मुलगी पुढच्या वेळी रंगमंचाच्या मधोमध येऊ शकते. हंगाम करायचा तो यासाठी. हंगाम म्हणजे आधीच ठरवलेल्या तारखांना होणारी दोन-तीन नाटके. त्यासाठी श्रीमंत संस्था लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. पुष्कळ ठिकाणी आधी नाटक ठरते आणि मग तारीख शोधली जाते, तिथेच गाडी अडते. गणेशोत्सवात मांडवातल्या मंचावर वीस-पंचवीस मिनिटांची नाटिका, दिवाळीच्या सुट्टीत पाऊण तासाचे नाटक आणि वार्षिक परीक्षेनंतर गाणी-नाचांचे मोठे संगीत बालनाट्य, अशी चढती मांडणी आपल्याकडे सोयीची पडते. पहिले नाटक घरच्या अंगणातले असते, त्यामुळे नवखी मुले त्यात बिनधास्त उभी राहतात. मे महिन्यात निम्मी मुले गावी जातात, हे मात्र विसरू नका. पालकांकडून जाण्या-येण्याच्या तारखा जानेवारीतच लिहून घ्या आणि त्या पाहूनच प्रयोगाचा दिवस ठरवा.

आता नाटकाची निवड. मराठीत यासाठी मोठा खजिना आहे. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि ‘मधुमंजिरी’पासून मुलांसाठी देखणी, भव्य नाटके उभी केली. त्यानंतर रत्नाकर मतकरींनी ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. त्यांचे ‘अलबत्या गलबत्या’ आजही नाट्यगृहे भरते. पुण्यात मोहन आगाशे यांनी 1986 च्या सुमारास बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची वाट मराठीत आणली. तिथे राक्षस-परी नसतात. घर, शाळा आणि मोठ्यांची दादागिरी यांची रोजची गोष्ट असते, आणि मुलांच्या भूमिका मोठे नट करतात. सुलभा देशपांडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘चंद्रशाला’ या ‘आविष्कार’ नाट्यसंस्थेच्या बालविभागाने ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यात मुलांचा मोठा ताफा रंगमंचावर आणला.

यांतले कोणते नाटक आपल्याला झेपेल, ते मुलांची संख्या सांगेल. आपल्याकडे तीस मुले असतील आणि नाटकात सातच पात्रे असतील, तर ते कितीही गाजलेले असले तरी सध्या बाजूला ठेवा. उरलेल्या तेवीस जणांसाठी आपण ‘गावकरी’ वाढवत बसू, आणि मुलांना भरतीचे काम लगेच ओळखू येते. नाट्यवाचन, म्हणजे सगळ्यांनी गोल बसून संहिता मोठ्याने वाचणे, हे निवडीच्या आधी करा. कुठे मुले हसतात आणि कुठे चुळबुळ करतात ते पाहा. माझ्या मते त्यांच्या चुळबुळीला समितीच्या मतापेक्षा जास्त वजन द्यावे.

परवानगीच्या टप्प्यावर सर्वाधिक गफलत होते. पुस्तक विकत घेतले म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळाला, असे नाही. लेखकाच्या निधनानंतरही साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. तेव्हा लेखकाला, वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र लिहून लेखी संमती घ्या आणि मानधन प्रत्येक प्रयोगामागे की एकरकमी, तेही त्यातच ठरवा. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावले की ती संपते. आणखी एक खाच अनुवादाची. रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ आता सर्वांसाठी खुले आहे, पण त्याचा मराठी अनुवाद जर अलीकडचा असेल तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. पंचतंत्रातली किंवा लोककथेतली गोष्ट घेऊन मुलांकडूनच संवाद रचून घेतले, तर हा सगळा प्रश्नच उरत नाही. गणपतीतल्या नाटिकेसाठी मी हाच मार्ग सुचवीन.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. हे मंडळ प्रयोगाआधी संहिता तपासून मंजुरी देते. नाट्यगृहाच्या तारखाही कित्येक महिने आधीच वाटल्या जातात. म्हणून संहिता पक्की झाली की त्याच आठवड्यात दोन्ही अर्ज करा. भाडे, अनामत आणि इतर कोणते परवाने लागतात, हे नाट्यगृहाच्या कार्यालयात जाऊन समोरासमोर विचारा आणि लिहून घ्या.

पात्रनिवड करताना मुलांना एकेक करून सगळ्यांसमोर उभे करू नका. लाजाळू मूल तिथेच मिटते, आणि त्याच्याकडे काय आहे ते आपल्याला कळतच नाही. दोन-तीन दिवस खेळ घ्या. आंधळ्याची चाल, बाजारातली घासाघीस, नुसत्या ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांत भांडण. कोण ऐकून उत्तर देतो आणि कोण फक्त आपली पाळी यायची वाट पाहतो, ते यात स्वच्छ दिसते. ऐकणारे मूल निवडा. आवाज वाढवायला शिकवता येतो, ऐकायला शिकवणे फार कठीण.

देणगीदाराच्या मुलाला राजा करण्याचा आग्रह बहुधा होतोच. त्यावर एकच उपाय आहे. भूमिका ठरवणारे तिघे कोण, हे पहिल्याच पालकसभेत जाहीर करायचे आणि त्या तिघांपैकी कोणाचेही मूल त्या नाटकात नसेल, हे पाहायचे. मोठ्या भूमिकांसाठी पर्यायी कलाकार तयार ठेवा आणि त्याला किमान एक प्रयोग नक्की द्या. नुसताच ‘राखीव’ ठेवलेला मुलगा तिसऱ्या आठवड्यात यायचा थांबतो. यासोबत एक साधी वही ठेवा. प्रत्येक मुलाचे नाव आणि त्यापुढे गणपती, दिवाळी, मे असे तीन रकाने. कोणी काय काम केले ते त्यात लिहा. प्रकाशाचे, पडद्याचे, सामान देण्याचे कामही त्यात यायला हवे.

तालमीला दोन तास पुरेत. चित्रीकरणात काम करणाऱ्या बालकलाकारांना दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, असा नियम आहे. आपल्या हौशी तालमीलाही ही कमाल मर्यादा समजा, प्रयोगाच्या आठवड्यातसुद्धा. आधी वाचन, मग हालचाली, म्हणजे कोण कुठून येतो, कुठे थांबतो, कुठून जातो, आणि मगच पाठांतर. उलटे केले तर मुले एका जागी उभी राहून संवाद ‘म्हणतात’, आणि ती सवय मोडता मोडत नाही. नाट्यगृहाच्या रंगमंचाची मापे आधीच घेऊन या आणि सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा पार्किंगमध्ये खडूने तेवढाच चौकोन आखा. विंगाही आखा. हे केले नाही तर प्रयोगाच्या दिवशी मोठा रंगमंच पाहून मुले मध्यभागी घोळका करतात.

आता संगीत नाटकाकडे येऊ, कारण मेच्या नाटकात खरी परीक्षा इथेच असते. गाण्यांची तालीम संवादांच्या कितीतरी आधी, जानेवारीत दर रविवारी तासभर, अशी सुरू करा. पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे पेटीवरचा कोणता स्वर ‘सा’ धरून गायचे त्याचा. चाल बांधणारे काका स्वतःच्या आवाजाला सोयीची म्हणून पांढरी एक धरतात. मुलांना ती फार खाली जाते आणि ती पुटपुटू लागतात. लहान मुले सहसा काळी चारच्या आसपास मोकळी गातात, पण प्रत्येक गाणे पेटीवर धरून, वर-खाली करून पाहा आणि सर्वांत वरचा व सर्वांत खालचा स्वर निम्म्याहून अधिक मुलांना सहज लागतो का, ते तपासा. बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. जानेवारीत सुरेल गाणारा मुलगा एप्रिलमध्ये अडखळतो. त्याला सगळ्यांसमोर टोकू नका. त्याचे एकट्याचे गाणे दोघांत वाटून द्या आणि त्याला बोलका भाग द्या.

साथ प्रत्यक्ष वाद्यांची ठेवायची की ध्वनिमुद्रित ट्रॅकवर गायचे, हा दुसरा प्रश्न. ट्रॅक स्वस्त पडतो, पण तो कोणासाठी थांबत नाही. एक मूल एक ओळ विसरले की गाणे पुढे निघून जाते आणि सगळी रांग एकमेकांकडे बघत राहते. पेटी-तबला असेल तर वाजवणारा ती ओळ पुन्हा घेतो. आपल्या ओळखीत पेटी वाजवणारे कोणी असेल, तर मी डोळे झाकून पेटीच घ्या म्हणेन. ट्रॅकच वापरायचा झाला तर प्रत्येक गाण्याआधी ठेक्याची चार मात्रांची मोजणी त्यात भरून घ्या. तसे नसेल तर मुलांना कधी उचलायचे ते कळत नाही. मुलांच्या बाजूला तोंड केलेला एक छोटा स्पीकर विंगेत ठेवा. प्रेक्षकांकडे तोंड असलेल्या स्पीकरचा आवाज रंगमंचावर उशिरा आणि गढूळ पोहोचतो. चित्रपटातली गाणी मात्र टाळाच. त्यांचे हक्क वेगळे, आणि मुले मूळ गायकाची नक्कल करू लागतात, ते वेगळेच.

नाचत गाताना दम लागतो. आधी नुसते गाणे, मग नुसता नाच आणि शेवटचे तीन आठवडे दोन्ही एकत्र, असा क्रम ठेवा. ज्या ओळीवर उड्या आहेत त्या ओळीचे गाणे कडेला उभ्या असलेल्या मुलांना द्या. प्रेक्षकांना फरक कळत नाही आणि सूर टिकतो.

कॉलरला लावायचे बिनतारी माइक सगळ्यांना हवेसे वाटतात. ते दोन-तीनच घ्या, एकट्याने गाणाऱ्यांसाठी. बाकीच्यांसाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले फूटमाइक आणि वरून सोडलेले माइक पुरतात. प्रत्येक प्रयोगाआधी नव्या बॅटऱ्या घाला. बॅटरी अर्धी शिल्लक आहे म्हणून चालवून घेतली, की बरोबर शेवटच्या गाण्यात ती दगा देते. माइक लावलेले मूल विंगेत बोलले तर ते सभागृहभर ऐकू जाते, म्हणून माइक कधी बंद आणि कधी चालू, याची यादी ध्वनी सांभाळणाऱ्याच्या हातात द्या.

वेशभूषेत बटणे आणि नाड्या टाळून वेल्क्रो लावा. अंधाऱ्या विंगेत घामेजलेल्या बोटांनी गाठ सुटत नाही. रंगभूषेचा रंग आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली किंवा लाली आली, तर त्याला रंगाशिवाय पाठवा. मुलगे आणि मुली यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असाव्यात, प्रत्येक खोलीत दोन मोठी माणसे असावीत आणि फोन बाहेर ठेवावेत. प्रयोगानंतर मूल कोणाच्या ताब्यात दिले, याची सही घ्या.

रंगीत तालीम, म्हणजे कपडे, रंगभूषा, प्रकाश आणि ध्वनी यांसह होणारी अखेरची पूर्ण तालीम, न थांबता घ्या. दिग्दर्शक दर दोन मिनिटांनी ‘थांबा’ म्हणत राहिला, तर चूक झाल्यावर पुढे कसे जायचे हे मुलांना कळतच नाही. ब्लॅकआउट, म्हणजे रंगमंचावरचे सगळे दिवे विझवणे, हा प्रकार मुलांनी आधी दोन-तीनदा अनुभवलेला असावा. पायऱ्यांच्या आणि लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यांच्या, कडांना रेडियमची पट्टी चिकटवा. अंधारात मुले पडतात ती तिथेच.

प्रयोगाच्या दिवशी मुलांना हलके खाऊ घालून दोन तास आधी बोलवा. पहिली घंटा झाली की पालकांनी रंगपटातून बाहेर जायचे, हे आधीच सांगून ठेवा. दाराशी एखादे ठाम माणूस उभे करा. आईच्या शेवटच्या क्षणीच्या सूचनेने मूल जितके गडबडते, तितके प्रेक्षकांच्या गर्दीने गडबडत नाही. तिसऱ्या घंटेला पडदा वेळेवर उघडा. समोर बसलेली चार-पाच वर्षांची मुले वाट पाहून थकली, की पहिला प्रवेश वाया जातो. शेवटी ओळख करून देताना पडदा ओढणाऱ्या आणि सामान देणाऱ्या मुलांनाही पुढे बोलवा, नावानिशी.

प्रयोग संपला की आठवडाभरात हिशेब पालकांसमोर मांडा. कपडे धुऊन, मापासह चिठ्ठी लावून पेटीत ठेवा आणि हालचाली लिहिलेली संहिता जपून ठेवा. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना पुढच्या वर्षी साहाय्यक म्हणून घ्या. नाहीतर ती नाटकापासून तुटतात. मग ती वही उघडा. ज्यांच्या तिन्ही रकान्यांत फक्त मागचे काम असेल त्यांची नावे वेगळी काढा आणि गणपतीच्या नाटिकेची पात्रनिवड त्यांच्यापासून सुरू करा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पहिली पालकसभा त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी घ्या, कारण त्यापुढे गणपतीपर्यंत हाताशी फार थोडे रविवार राहतात.